कोलोरॅडोच्या माळावर आजोबांचं मिग

कोलोरॅडो स्प्रिंग्जला मुलाकडे पोचले तेव्हा २०२५ चा ऑक्टोबर लागला होता. गाव सहा हजार फुटांवर, त्यामुळे पहिले दोन दिवस जिना चढला तरी धाप लागायची. पश्चिमेला चौदा हजार फुटांचा पाइक्स पीक, पूर्वेला नजर जाईल तिथवर वाळलेल्या गवताचं माळरान. गावाच्या उत्तरेला अमेरिकन हवाई दलाची अकॅडमी आहे. सांबऱ्याच्या विमानतळाजवळ संसार केलेल्या मला डोक्यावरून विमान गेलं की उलट बरंच वाटतं.

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ते मिग-२१ तसंच होतं. आमचे हे हवाई दलात एअरफ्रेम फिटर. अर्धी नोकरी मिगच्या अंगाखांद्यावर गेली, शेवटची वर्षं सांबऱ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवण्यात. म्हणून तर बेळगाव आमचं झालं. २००८ साली आम्ही दोघं इथं आलो होतो, तेव्हा मुलानं प्लास्टिकच्या सुट्या भागांचं मिग आणलं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, जेमतेम फूटभर लांब. बाप-लेकांनी तीन आठवडे जेवणाचं टेबल अडवून ते जोडलं. हे गेले २०१४ मध्ये. तेव्हापासून त्या विमानावरची धूळसुद्धा मुलगा स्वतः ब्रशनं काढतो.

आल्या चौथ्या दिवशी नातू, तेरा वर्षांचा अथर्व, जवळ येऊन बसला. "आजी, आजोबांचं मिग उडवू?"

मला आधी कळलंच नाही. मग सुनेनं सांगितलं. २६ सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासूनची बासष्ट वर्षांची सेवा संपली. आपल्याकडे दुपार म्हणजे इथं मध्यरात्र; तरी बाप-लेक जागून ते पाहत बसले होते. तेव्हापासून पोरानं ध्यास घेतलेला. बाप म्हणाला, आजीला विचार.

इथं मॉडेल रॉकेटचा छंद जुना आहे. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावच्या ऑरव्हिल कार्लाइल नावाच्या चपला-बुटांच्या दुकानदारानं १९५४ च्या सुमारास कागदाचं, पॅराशूटनं परत येणारं रॉकेट बनवलं. न्यू मेक्सिकोतल्या हॅरी स्टाइननं पुढे त्याच्या सुरक्षिततेचे नियम बांधले, आणि १९५७ मध्ये या छंदाची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. तिच्या स्पर्धांत एक प्रकार असा, की दुकानात मिळणारं शोभेचं प्लास्टिकचं मॉडेल घ्यायचं आणि त्याचं उडणारं रॉकेट करायचं. गुण दोन्हीला: टेबलावर हुबेहूब दिसण्याला आणि आकाशात नीट जाण्याला.

रॉयल गॉर्जचा पूल बघायला गेलो तेव्हा वाटेत पेनरोझ लागलं. छोटंसं, धुळीचं गाव. पण व्हर्न एस्टेसनं १९६१ मध्ये डेन्व्हरहून आपला कारखाना इथं आणला आणि मॉडेल रॉकेटची इंजिनं या नावानं घरोघर गेली. इंजिन म्हणजे जाड कागदाची अंगठ्याएवढी नळी, आत दाबून भरलेली काळी दारू. वरच्या अक्षराला अर्थ असतो: ए पेक्षा बी ची ताकद दुप्पट, बी पेक्षा सी ची दुप्पट. अथर्वनं 'सी ५-३' निवडलं होतं. पाच म्हणजे सरासरी जोर पाच न्यूटन, तीन म्हणजे दारू जळून संपल्यावर तीन सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा बार. प्लास्टिक जड, म्हणून सुरुवातीलाच जोराचा धक्का देणारं इंजिन हवं, हे त्यानं मला मास्तरासारखं समजावलं. (हे वाचून कुणी पोरांनी दिवाळीचे बाण फोडून दारू काढू नये. इथंही इंजिन विकतचंच लावतात, घरी बनवणं नियमातच बसत नाही.)

आपल्या बाणाला काडी का असते? ती नसेल तर तो गरगरत कुणाच्या धोतरात शिरेल. विमानाचं मॉडेल तसंच. शेपटीत इंजिन बसवलं की मागचं अंग जड होतं आणि ते हवेत कोलांटी मारतं. बोटावर जिथं तोलून राहतं ती जागा पुढे हवी आणि वारा जिथं जोर लावतो ती मागे. मिगचे त्रिकोणी पंख मुळातच मागे, पोट नळीसारखं, शेपटीला गोल तोंड, त्यामुळे काम त्यातल्या त्यात सोपं. तरी पारदर्शक प्लास्टिकचे दोन जादा पंख मागे चिकटवावे लागतात, लांबून दिसत नाहीत. आणि नाकात वजन भरावं लागतं.

त्यासाठी नाक कापायचं होतं. मी 'हो' म्हटलं खरं, पण त्यानं चाकं काढायला घेतली तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी चिमट्यात धरून लावलेली चाकं होती ती. सून मागून आली. "अत्ते, बेड अंद्र बेड," म्हणाली, नको तर नको. मी म्हटलं, आता अर्धं कापलंय, होऊ दे.

तेवढ्यात अथर्वनं हाक मारली. नाकातून पाच नाणी निघाली होती. दहा पैशांची, स्टीलची, कागदात गुंडाळून डिंकानं घट्ट बसवलेली. चाकांवर उभं केल्यावर मॉडेल मागे बसू नये म्हणून ह्यांनी खिशातल्या पाकिटातली सुट्टी नाणी आत घातली होती. मला कधी बोलले नाहीत. ती नाणी २०११ मध्ये बंदच झाली. पण रॉकेटच्या नाकात धातू चालत नाही, म्हणून अथर्वनं तिथं चिकणमाती भरली, नाण्यांच्या दुपटीहून जास्त. मग मॉडेलला दोरी बांधून अंगणात गोल फिरवलं. नाक पुढे राहिलं. नाणी त्यानं माझ्या हातावर ठेवली.

पहिल्या शनिवारी वाऱ्यामुळे बेत रद्द. वारा ताशी बत्तीस किलोमीटरच्या वर गेला की उडवत नाहीत, आणि गवत वाळलेलं असताना तर इथले लोक आगीला फार भितात. पुढच्या शनिवारी माळावर पंधरा-वीस घरं जमली होती, पाण्याचे डबे भरून ठेवलेले. खालची जागा गवत काढून मोकळी केलेली, वर तारेची उभी सळई, तिच्यावर आमचं मिग. पाच मीटर मागे सरून उभं राहायचं. अथर्वनं किल्ली लावली. पाच, चार, तीन...

फुस्स असा आवाज झाला आणि मिग सरळ वर गेलं. फार नाही, दोन-तीन नारळाची झाडं एकावर एक ठेवल्याएवढं. थोडं कललं तेव्हा माझ्या मुठीत नाणी रुतली.

"हारतद अज्जी, हारतद!" पोरगं ओरडलं. आईची भाषा आली तोंडात. बेळगावात इतकी वर्षं कन्नड ऐकूनही त्या क्षणी माझ्या कानाला ते 'हरतंय' असंच ऐकू आलं. मग नाक सुटलं, नारिंगी पॅराशूट उघडलं, आणि मिग डुलत खाली आलं.

उजव्या पंखाचं टोक तुटलं होतं. नाकापुढची सुईसारखी काडी, जी ह्यांनी तीनदा चुकून चौथ्यांदा जमवली होती, ती कुठंतरी गवतात पडली. मुलगा, सून, नातू, शिवाय दोन अनोळखी माणसं खाली वाकून शोधत होती.

"आई, तू गाडीत बस, ऊन आहे," मुलगा म्हणाला.

मी नाणी पर्समध्ये टाकली आणि मीही वाकले.