ओलं धान्य वर ठेवायची किंमत

२००६ च्या मार्च महिन्यात मी सरकारी पथकाशी खोटं बोललो. तेव्हा माझं बी.एड. चालू होतं आणि मी जळगाव जिल्ह्यात, आजोळी आलो होतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. भारतात हा रोग सापडण्याची ती पहिलीच वेळ. नवापूरला मोठमोठ्या पोल्ट्र्या. तिथे लाखो पक्षी मारून पुरले. आम्हाला वाटलं, हे पोल्ट्रीवाल्यांचं संकट आहे, आपल्याला काय? पण मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांत, घराघरातल्या गावरान कोंबड्यांमध्ये तोच रोग निघाला. मग पांढरे पोशाख, चष्मे आणि हातमोजे घातलेली माणसं नानीच्या दारात उभी राहिली.

नानीकडे सात कोंबड्या होत्या. घरातला चहा-साखरेचा खर्च, नातवंडांची ईदी, आजारपणात रिक्षाचे पैसे, सगळं त्या अंड्यांतून निघायचं. नानीला पेन्शन नव्हती, कोंबड्या होत्या. नुकसानभरपाई मिळणार होती, मोठ्या कोंबडीमागे चाळीस रुपये. नानी म्हणाली, "बेटा, बाजार में सौ के नीचे मैं हाथ नहीं लगाने देती. और ये चालीस भी कब आएंगे, किसको मालूम?" तिने पाच कोंबड्या दिल्या. एक लाल तलंग आणि एक खुडूक कोंबडी मागच्या खोलीत डालग्याखाली झाकून वर गोधडी टाकली.

पथकातल्या एका तरुणाने मला विचारलं, "सर, अजून आहेत का?" मी शिकलेला दिसत होतो, म्हणून त्याने मला विचारलं असावं. मी म्हणालो, "नाही." त्याने वहीत पाच लिहिलं आणि तो पुढच्या घराकडे गेला.

पुढे काही वाईट झालं नाही. त्या दोन कोंबड्या जगल्या. त्या साथीत आपल्याकडे माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण हे आमचं नशीब, शहाणपण नव्हे. कोंबडी आजारी असती तर त्याच खोलीत झोपणाऱ्या मामीच्या लहान मुलांचं काय झालं असतं, हा विचार मला दोन रात्रींनंतर आला. आधी यायला हवा होता.

मामूंची गोष्ट वेगळी. तालुक्याच्या गावी त्यांचं चिकनचं दुकान होतं. चिकन नीट शिजवलं, सत्तर अंशांच्या वर, तर विषाणू मरतो, हे तज्ज्ञ सांगत होते. पण गिऱ्हाईक तापमान मोजत नाही, भीती मोजतं. जाळ्या रिकाम्या पडल्या, दुकानाचं शटर खाली आलं. मामूंची एकही कोंबडी सरकारने मारली नव्हती, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने पोल्ट्री उद्योगासाठी सवलती जाहीर केल्या : थकलेले हप्ते लांबवून मिळणार होते आणि केंद्र सरकार कर्जाच्या व्याजाचा चार टक्के भार उचलणार होतं. मदत खरी होती. पण ती बँकेच्या खात्यातून येणारी होती. मामूंचं कर्ज बँकेचं नव्हतं, पक्षी पुरवणाऱ्या व्यापाऱ्याची उधारी होती. ते मोटारसायकल विकून मोकळे झाले.

दोन वर्षांनी आयर्लंडची बातमी वाचली. आता एका मुसलमानाने डुकराच्या मांसाबद्दल लिहावं हे काहींना विचित्र वाटेल. पण शिकण्यासारखी गोष्ट कुठूनही शिकावी. ६ डिसेंबर २००८ ला, नाताळाच्या ऐन तोंडावर, आयर्लंडच्या सरकारने १ सप्टेंबरपासून कापलेल्या डुकरांचं सगळं मांस बाजारातून परत मागवलं. जनावरांच्या खाद्यात दूषित तेलातून डायऑक्सिनसारखी घातक द्रव्यं शिरली होती. ते खाद्य मोजक्या फार्मांवरच गेलं होतं. पण तिथली डुकरं कारखान्यांत इतरांच्या मालात मिसळली होती आणि कोणतं मांस कुणाचं हे वेगळं काढता येत नव्हतं. म्हणून सगळंच मागे घ्यावं लागलं.

मग तिथल्या मांस कारखान्यांनी काय केलं? मदतीचं ठरल्याशिवाय कत्तल पुन्हा सुरू करणार नाही, असं सांगितलं. काही दिवसांत सरकारने १८ कोटी युरोपर्यंतची योजना मान्य केली आणि काम सुरू झालं. ती बातमी वाचताना मला नानीचं डालगं आठवलं. आधी नुकसानाचं बोला, मग माल देतो, हेच तीही म्हणत होती. फरक इतकाच की कारखानदारांना मंत्र्यांसमोर बसून बोलता आलं. नानीकडे बोलायला जागा नव्हती, म्हणून तिने डालगं झाकलं. त्यांचं ते वाटाघाट झालं, तिचं ते लपवाछपवी.

मी लपवण्याचं समर्थन करत नाही. आपल्याकडे एक हदीस सगळ्यांना माहीत आहे. पैगंबर साहेब, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, बाजारात एका धान्याच्या ढिगात हात घालतात, बोटं ओली होतात. विचारल्यावर व्यापारी सांगतो की पाऊस लागला. तेव्हा ते विचारतात, मग ओलं धान्य वर का नाही ठेवलं, लोकांना दिसलं असतं! आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावतात. मी हा प्रसंग मुलांना अनेकदा सांगितला आहे. खराब माल परत मागवणं म्हणजे ओलं धान्य वर ठेवणंच. हलालबरोबर तय्यब हा शब्द येतो तो याचसाठी. जनावर कसं कापलं एवढं पाहून आपली जबाबदारी संपत नाही, ते खाणाऱ्याला अपाय करणार नाही ना, हेही पाहावं लागतं.

पण त्या प्रसंगातला पाऊस मला अलीकडे जास्त दिसतो. धान्य भिजलं यात व्यापाऱ्याचा दोष नव्हता, लपवण्यात होता. नानीच्या कोंबड्यांना रोग तिने आणला नव्हता. ओलं धान्य वर ठेवणाऱ्याचं नुकसान होतं आणि त्या खरेपणाचा फायदा सगळ्या गावाला होतो. मग ते नुकसान त्याने एकट्यानेच का सोसायचं? भरपाई ही खैरात नाही. औषध फवारणीइतकाच तो रोग रोखण्याचा भाग आहे. जागतिक बँक, एफएओ वगैरे संस्थांनी २००६ च्या शेवटी हेच मांडलं : भरपाई बाजारभावाच्या निम्म्याहून कमी नको, नाहीतर लोक पक्षी लपवतील. आणि बाजारभावाहून जास्तही नको, नाहीतर लोक रोगाचीच वाट पाहतील. नानीने हे दोन वाक्यांत सांगितलं होतं.

२०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यापासून बातम्या पुन्हा सुरू झाल्या, मग नवापूरही आलं. या वेळी दर बरे होते : अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला नव्वद रुपये, ब्रॉयलरला सत्तर, नष्ट केलेल्या अंड्यांचे आणि खाद्याचेही पैसे. पंधरा वर्षांत एवढं तरी शिकलो. दुकानदार मात्र याही वेळी यादीबाहेर राहिला.

त्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. दारातल्या दोन कोंबड्या अचानक मेल्या होत्या. "सर, सांगितलं तर बाकीच्याही नेतील ना?" तिने विचारलं. मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मग म्हणालो, "बाजी, हो, कदाचित नेतील. पैसे मिळतील, पण पूर्ण किमतीचे नाहीत. तरी सांगा. मेलेल्यांना हात लावू नका, मुलांना लांब ठेवा. अर्ज लिहायला मी येतो."

तिने कळवलं. तपासणी झाली, काही निघालं नाही, उरलेल्या चार कोंबड्या वाचल्या. मी अर्ज तयार ठेवला होता, तो लागला नाही. नानी आता नाही. असती तर तिला हे सांगितलं असतं. ती बहुतेक हसली असती आणि तिने विचारलं असतं, "निकलता तो कितने देते?"