आमची सुरतेची स्वारी

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या कानांत घोड्यांच्या टापा वाजू लागतात. शिवाजी महाराज १६६४ साली एकदा आणि १६७० साली दुसऱ्यांदा सुरतेवर चालून गेले. पण त्यानंतर आम्हा मास्तर मंडळींनी वर्गातल्या वर्गात ही मोहीम किती वेळा केली असेल, त्याची गणती नाही. प्रत्यक्ष सुरतेवर स्वारी करण्याचा योग मात्र मला आला तो २०२३ च्या डिसेंबरात. घोड्याऐवजी तापी खोऱ्यातून जाणाऱ्या आगगाडीचा साधा डबा होता आणि फौज म्हणाल तर एकच शिलेदार. लुटले जाण्याची भीतीही सुरतेला नव्हती, आम्हालाच होती. कारण शिलेदाराच्या आतल्या खिशात ३०,००० रुपये होते आणि दर दहा मिनिटांनी तो ते चाचपून पाहत होता.

हा शिलेदार म्हणजे माझा विद्यार्थी. अक्राणी तालुक्यातला, धडगावच्याही पलीकडे डोंगराच्या कुशीत असलेल्या एका पाड्यावरचा. चांदसैलीचा घाट उतरून तो नंदुरबारला शिकायला आला. विषय संगणकशास्त्र, माझ्याकडे येतो तो मराठीच्या तासापुरता. दसऱ्यानंतर एका संध्याकाळी तो घडी घातलेला कागद हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिला. विद्यार्थी असा कागद घेऊन आला की त्यात कविता असते, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. मी मनाची तयारी केली आणि त्याला बसायला सांगितले.

कागदावर कविता नव्हती, यादी होती.

“सर, मला संगणक बांधायचा आहे.”

मी मराठीचा माणूस. घर बांधतात, विहीर बांधतात, फेटा बांधतात, झालेच तर एखाद्याच्या गळ्यात मुलगी बांधतात, एवढे मला माहीत होते. संगणक बांधतात हे नवीन होते. मी विचारले, “अरे, दुकानात तयार मिळतो, तो का घेत नाहीस?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, संगणक मी लहानपणापासून पाहतो आहे. पण त्याची पाठच. दाखल्याच्या खिडकीत, बँकेत, सगळीकडे त्याचे तोंड साहेबाकडे आणि पाठ आमच्याकडे. साहेब म्हणतात, ‘लिंक नाही, उद्या या.’ बाबा उद्या जातात. मजुरी बुडते. त्या डब्यात काय आहे ते मला एकदा उघडून बघायचे आहे.”

त्याच्या या बोलण्यावर मला उत्तर सुचले नाही. आमचा हा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान आले होते. सबंध देशाची मोजदाद करणाऱ्या यंत्राने पहिला टिळा आमच्या कपाळी लावला, याचा मला अभिमान वाटत असे. मोजणारा पडद्याच्या कोणत्या बाजूला बसला होता आणि मोजला जाणारा कोणत्या, याचा विचार मी कधी केला नव्हता.

मग रोज संध्याकाळी यादीवर खल सुरू झाला. तेव्हा मला उमगले की संगणक बांधणे हे थेट लग्न जुळवण्यासारखे आहे. प्रोसेसर म्हणजे यंत्राचे डोके. त्याची पत्रिका मदरबोर्डाशी जुळली पाहिजे. एकाच्या पायाच्या पिना दुसऱ्याच्या भोकांत बसल्या नाहीत, तर दोघे कितीही गुणी असले तरी संसार व्हायचा नाही. रॅम कोणत्या पिढीची हवी तेही तोच बोर्ड ठरवतो. पेटी दिसायला ऐटबाज आणि आत वाऱ्याला जागा नाही, असे स्थळ नाकारावे. चित्र दाखवण्याचे काम प्रोसेसरच करणार, म्हणजे वेगळ्या महागड्या कार्डाचा खर्च वाचला.

अखेर हिशेब असा बसला: प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ६,८००, १६ जीबी रॅम ३,२००, साठवणीची एसएसडी २,७००, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस ३,४०० आणि पेटी २,४००. एकूण ३०,०००. माझ्या घरी एक जुना पडदा धूळ खात पडला होता, तो मी देणार. तसेच यंत्र तयार घ्यायचे तर एका दुकानात ३८,००० सांगितले होते. एसएमपीएसवर एवढा खर्च कशाला, असे मी विचारले, तर तो म्हणाला, “सर, आमच्याकडची वीज कधी दिव्याला पुरत नाही, तर कधी दिवाच फोडते. डोके जरा कमी चालेल, पण पोट भक्कम पाहिजे.” हे सूत्र संगणकापुरतेच खरे आहे, असे मला वाटत नाही.

पैशांपैकी १८,००० त्याचे स्वतःचे. त्यात शिष्यवृत्तीतली बचत होती आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर सुट्टीत केलेली मजुरी होती. हे काम ज्याने पाहिले आहे त्यालाच तिथल्या एका रुपयाचे मोल कळेल. डोळ्यांतले पाणी दिवसभर थांबत नाही. उरलेले १२,००० त्याच्या वडिलांनी दिले होते, ऊसतोडीच्या उचलीतून. उचल म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेले पैसे. ऊस मागाहून तोडायचा. म्हणजे यंत्र अजून दुकानात होते आणि त्याची किंमत बार्डोलीकडच्या शेतांत कोयत्याने फेडली जात होती.

मुंबईपेक्षा आम्हाला सुरत जवळ. पहाटेची गाडी धरली. खांडबारा गेले, चिंचपाडा गेले आणि नवापूर आले. हे स्टेशन मोठे गमतीचे. ते अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढावे आणि स्टेशनमास्तरांना भेटायला गुजरातेत जावे! एकाच बाकावर दोन माणसे दोन राज्यांत बसून एकच चहा अर्धा अर्धा पितात. मी ही गंमत शिलेदाराला रंगवून सांगितली. तो म्हणाला, “बाबा दर वर्षी इथूनच पलीकडे जातात.” मी माझी गंमत आवरती घेतली.

पण मास्तराला गाडीत गप्प बसवत नाही. मी त्याला टिफ्रॅकची गोष्ट सांगितली. बाहेरून संगणक विकत आणणे सोपे नव्हते, त्या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच एक संगणक बांधायला घेतला. १९६० साली तो पुरा झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव ठेवले. खोली भरून टाकणारे ते धूड आणि स्मरणशक्ती किती? २,०४८ शब्द! संगणकाचा शब्द म्हणजे आकड्यांची एक ओळ. आमची दोन बोटांएवढी पट्टी त्याच्या लाखो पट लक्षात ठेवते. “त्या मंडळींपैकी कुणी त्यापूर्वी संगणक बांधला होता का?” त्याने विचारले. “नाही,” मी म्हणालो. त्याने पुन्हा खिसा चाचपला; पण या खेपेस भीतीने नव्हे, असे मला वाटले.

सुरतेत दुकानदाराने आमच्याकडे एकवार पाहिले आणि मला म्हणाला, “साहेब, तैयार ले लो ना! लडका बिगाड देगा.” शिलेदाराने शांतपणे यादी पुढे सरकवली आणि प्रत्येक डब्यावरचा क्रमांक यादीशी ताडून पाहू लागला. तिसऱ्या डब्यावर तो थांबला. “ये वो नहीं है,” तो म्हणाला. खरोखरच तो नव्हता. त्या बोर्डाचे नाव तसेच, पण शेपटीचे एक अक्षर वेगळे. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा काढला आणि चहा मागवला. विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला. एका अक्षराने काय घडते आणि काय बिघडते, याची इतकी चोख परीक्षा मी कधी घेतली नव्हती.

परतताना आम्ही बार्डोलीला उतरलो. १९२८ च्या सत्याग्रहाचे हे बार्डोली. तिथून रिक्षाने तोडकऱ्यांच्या पडावावर गेलो. उसाच्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या खोपी, चुलींचा धूर आणि धुरात खेळणारी पोरे. त्याचे वडील फडातून नुकतेच आले होते. मुलाने प्रोसेसरची डबी पुढे केली. त्यांनी हात लुंगीला पुसले, पुन्हा पुसले आणि मगच ती घेतली. ज्या माणसाची कमाई टनावर मोजली जाते, त्याने ती डबी तळहातावर तोलून पाहिली. मुलाशी ते पावरीत काही बोलले. मग मला म्हणाले, “सर, चालंल ना हे?”

“चालेल,” मी म्हणालो. इतकी मोठी हमी मी आयुष्यात कुणाला दिली नव्हती. मुलगा स्टेशन येईपर्यंत एक शब्दही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर बांधकाम सुरू झाले. त्याने प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवला आणि जोर न लावता तो अलगद खाली सोडला. वर पंखा बसवला, रॅमच्या पट्ट्या खोचल्या, पेटीत पितळी पाये घट्ट करून बोर्ड त्यांवर टेकवला, एकेक वायर आपापल्या घरी नेली. सौभाग्यवतींनी निरांजन ओवाळले. त्याने कळ दाबली.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

पुन्हा कळ दाबली, पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम आला. मला पडावावरचा तो तळहात दिसू लागला. संगणकातले मला काही कळत नाही. पण मुद्रितशोधन कळते. मी माहितीपुस्तिका घेतली आणि ती पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचू लागलो. तो प्रत्येक वाक्याला यंत्रावर बोट ठेवून “झाले” म्हणू लागला. रॅमच्या पानाशी तो अडखळला. पट्टी बसताना खिट्टीचा आवाज आला पाहिजे, असे तिथे होते. “सर, एका पट्टीचा आवाज मी ऐकलाच नव्हता.” त्याने वीज काढली, दोन्ही अंगठ्यांनी ती पट्टी दाबली. टक्! एवढाच आवाज, पण कुठल्याही मैफलीत मला इतका गोड सूर लागलेला आठवत नाही.

या वेळी पडदा उजळला. त्याने प्रथम फोन केला तो पडावावर. पावरीतले ते वाक्य मला न शिकता समजले.

यंत्रावर त्याने उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली घातली आणि सुट्टीत पाड्यावर जाऊन, मोबाइलवर आजीच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करून आणल्या. त्या स्वच्छ करायच्या, लिहून काढायच्या, हा त्याचा बेत. पावरीतले काही उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत. त्यावर आम्ही अजून भांडतो. मराठीच्या तासाला गप्प बसणारा हा मुलगा तिथे मात्र माझे काही चालू देत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये होळीसाठी तोडकरी माघारी निघाले. सातपुड्यात होळीला घरी नसणे हे मोठेच दुर्दैव. वडील वाटेत नंदुरबारला मुलाच्या खोलीवर उतरले. मीही गेलो होतो. ते दारापाशीच, भिंतीला टेकून बसले, खुर्चीवर बसेनात. तेव्हा मुलाने टेबलावरचा पडदा दोन्ही हातांनी उचलला, त्यांच्याकडे वळवला आणि आजीचा आवाज लावला. आवाजाबरोबर पडद्यावर अक्षरे सरकू लागली. वडिलांना वाचता येत नाही. पण आपल्या आईचे बोलणे अक्षरांत पुढे चाललेले ते पाहत राहिले, आणि हळूच पुढे सरकले.

मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो. मला पडद्याची पाठ दिसत होती.