विदूषकाचे बिऱ्हाड

माणसाने घरात काय पाळावे याला शास्त्र नाही. कुणी पोपट पाळतो, कुणी मांजर पाळतो, आणि ज्यांना यांपैकी काहीच साधत नाही ते निदान एखादा दुराग्रह तरी पाळतातच. मी गेले आठ महिने एक प्रश्न पाळला आहे. कोपरीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडात, दिवाणखान्याच्या भिंतीशी, तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच अशी एक काचेची पेटी मांडलेली आहे. तीत खारे पाणी आहे, तळाशी वाळू आहे, दगड आहेत, पाणी अहोरात्र घुसळणारा पंप आहे. मासा मात्र एकही नाही. आलेला पाहुणा पेटीकडे पाहतो, वाकून पुन्हा पाहतो, आणि मग शक्य तितक्या सभ्यपणे माझ्याकडे पाहतो. ज्यांच्यासाठी हा सारा थाट, ते दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे विदूषक मासे घरी आणावेत की नाही, हेच इतके दिवस ठरत नव्हते.

या माशाला इंग्रजीत विदूषक म्हणतात ते त्याच्या भडक रंगांवरून आणि डुलत पोहण्याच्या त्याच्या तऱ्हेवरून. २००३ साली एका चित्रपटाने त्याला ‘नेमो’ हे नाव दिले, आणि तेव्हापासून मुलांच्या जगात त्याचे बारसे कायमचे होऊन गेले. मला मात्र या नावाबरोबर सर्कशीतला विदूषक आठवत नाही. आपल्या संस्कृत नाटकांतला आठवतो. तो वेषाने हास्यास्पद असला तरी निष्ठेने मोठा असतो. मृच्छकटिकातील मैत्रेय दारिद्र्याच्या दिवसांतही चारुदत्ताला सोडून जात नाही. हा मासाही तसाच एका आश्रयाला धरून राहणारा आहे. समुद्रपुष्प म्हणून एक प्राणी आहे. दिसावयास फूल, परंतु त्याची प्रत्येक पाकळी दंश करणारी. दुसरा लहान मासा त्या पाकळ्यांत सापडला तर तो त्या प्राण्याचे भक्ष्य होतो. विदूषकाच्या अंगावरील बुळबुळीत आवरणामुळे त्याला तो दंश बाधत नाही, आणि त्या विषारी फुलाच्या कुशीतच तो आपला संसार थाटतो.

त्या संसाराची रीतही विलक्षण आहे. घरात सर्वांत मोठी ती मादी. तिच्या खालोखालचा तो तिचा नर. बाकीचे लहानगे आपापल्या पायरीवर थांबलेले. मादी मेली तर नरच मादी होतो, आणि रांगेतला पुढचा मासा नराच्या जागी येतो. चित्रपटातल्या त्या बापाने, पत्नी गेल्यावर, मुलाच्या शोधार्थ अर्धा समुद्र पालथा घातला. सृष्टिनियमाप्रमाणे त्या अवधीत त्याची आईच व्हावयाची होती. चित्रपटवाल्यांनी तेवढा भाग गाळला हे ठीकच झाले.

मासे आणण्याविरुद्ध पहिला आक्षेप माझ्या एका स्नेह्यांनी घेतला. “अथांग समुद्रातला जीव काचेत कोंडणे हे पाप आहे,” ते म्हणाले. वाक्य ऐकावयास भारदस्त आहे, आणि पुष्कळ माशांच्या बाबतीत खरेही आहे. परंतु हा मासा अथांग समुद्राचा उपभोग घेतो कधी? अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिले दहाबारा दिवस तो प्रवाहाबरोबर वाहत जातो, तेवढीच काय ती त्याची देशाटनाची हौस. एकदा समुद्रपुष्प सापडले की मग त्याच्यापासून चार हात दूर जाण्याचेही त्याच्या जिवावर येते. असा हिशेब करून मी काही दिवस निश्चिंत होतो. पण या हिशेबात एक रकम धरलेली नव्हती. तो मासा समुद्रभर हिंडत नसला तरी समुद्र त्याच्याकडे येत असतो. प्रत्येक लाट ताजे पाणी, अन्न आणि प्राणवायू घेऊन येते आणि त्याची घाण घेऊन जाते. त्याला काचेत ठेवणाऱ्याने त्याचे हिंडणे फारसे हिरावलेले नसेल. पण त्याच्या दारी येणाऱ्या लाटेचे काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलेले असते. तेव्हा प्रश्न असा होता, की एका माणसाला समुद्राची नोकरी झेपेल काय?

ही नोकरी प्रथम पत्करली ती इंग्रजांनी. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ते १८५३ साल. त्याच साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि घरोघर काचेतले समुद्र दिसू लागले. त्यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. वडिलांच्या ग्रंथांनी वेडावलेल्या हौशी लोकांच्या झुंडींनी किनाऱ्यावरील खडकांतली ती रम्य डबकी कशी ओरबाडून नेली, हे त्यांनी त्यांत दुःखाने नमूद केले आहे. सौंदर्यावरील प्रेमानेच सौंदर्याचा निकाल लागल्याची इतकी सरळ कबुली क्वचित वाचावयास मिळते. म्हणून मासा कसा ठेवावा याच्या आधी तो कुठून आणावा, हे पाहणे मला प्राप्त होते.

क्रॉफर्ड मार्केटाच्या बाजूला मी एका दुकानात चौकशी केली. ‘हे मासे कुठले?’ या माझ्या प्रश्नाला ‘समुद्रातले’ असे उत्तर मिळाले. ते खोटे नसेल. पण माझी तहान त्याने भागली नाही. फिलिपाइन्स व इंडोनेशिया या देशांत प्रवाळांच्या फटींत सायनाइडचे पाणी मारून, माशांना गुंगी आणून ते पकडण्याची रीत पुष्कळ वर्षे चाललेली आहे. तीत मासे मरतात आणि प्रवाळही मरतात. सुदैवाने विदूषकाच्या बाबतीत दुसरा मार्ग आहे. १९७० नंतरच्या दशकापासून त्याची पैदास माणसाच्या देखरेखीखाली होऊ लागली. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने तामिळनाडूतील मंडपम येथे ही विद्या साध्य केली. आणि आमच्या कोपरीहून खाडीच्या पलीकडल्या काठाने खाली गेले की जी ऐरोली लागते, तेथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही या माशांच्या पैदाशीचे काम हाती घेतले गेले. जिच्या चिखलात निवट्या उड्या मारतात आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्या खाडीच्या काठी प्रवाळसमुद्राचे हे बाळंतघर असावे, याची मला मोठी मौज वाटली. टाकीतच जन्मलेल्या जोडीमुळे समुद्रातून काही उणे होत नाही, आणि त्या जोडीलाही आठवण यावी असा समुद्र नाही.

प्रवाळांचा प्रश्न कायद्यानेच सोडविला होता. प्रवाळभित्ती बांधणारे सारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. त्या अनुसूचीत वाघ आहे. २०२० साली मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअली येथील खडकांवर प्रवाळ निघाले, तेव्हा तेही परवानगी काढून दुसरीकडे हलवावे लागले. जेथे महानगरपालिकेची ही कथा, तेथे माझ्यासारख्याने दिवाणखान्यात प्रवाळ सजविण्याची भाषा कशाला करावी? समुद्रपुष्पही मी वर्ज्य केले, कारण बाजारात येणारी बहुतेक समुद्रपुष्पे खऱ्या खडकावरून उपटलेली असतात. मग विदूषकाला घर कोणते? जाणकार सांगतात, की टाकीत जन्मलेली जोडी समुद्रपुष्पावाचून अडून बसत नाही; एखादा कोपरा किंवा मडके आपले म्हणून धरते. आमच्या सौभाग्यवतींनी संक्रांतीचे एक सुगड स्वच्छ धुऊन दिले. ते पेटीत आडवे पडून आहे.

आता नोकरीविषयी. पेटी काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी मावते, आणि समुद्राचा खारटपणा आणावयाचा तर दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ लागते. म्हणजे साडेसहा किलो. हे मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्रात असणारी इतर अनेक द्रव्ये त्यात असावी लागतात. मग पाणी पिकावे लागते. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. एका जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. हे अदृश्य सेवक दगडांवर वसतीला येण्यास चारसहा आठवडे जातात, आणि तोवर मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे. पुढे दर आठवड्याला थोडे पाणी बदलावयाचे, ते जन्मभर. पाण्याची उष्णता २६-२७ अंशांच्या आसपास हवी. आमच्या दिवाणखान्यात मे महिन्यात पारा ३४ अंशांवर जातो. पाण्यावर पंखे लावले तर दोनतीन अंश उतरतात. पुरे गार करावयाचे तर यंत्र लागते, आणि यंत्राला वीज लागते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई-ठाण्याचा वीजपुरवठा एकाएकी बंद पडला, तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि कित्येक ठिकाणी दिवे यावयास तासांमागून तास गेले. माणसे वैतागली, खिडकीशी बसली, आणि वाचली. बंद पेटीतल्या माशाला खिडकी नसते.

यासाठीच मी पेटी रिकामी ठेवून चालवून पाहिली. जानेवारीत पाणी भरले. त्याने एक मे महिना काढला, एक पावसाळा काढला, आणि आम्ही सारे गणपतीला पाच दिवस चिपळूणकडे गेलो तेव्हा कुणाच्या देखरेखीवाचूनही काढला. पंप चालू होता, उष्णता बेताची होती. समुद्राच्या नोकरीत उमेदवार म्हणून मी उत्तीर्ण झालो, असे म्हणावयास हरकत नव्हती.

परंतु एक अडचण राहिली होती, आणि तिला यंत्र नव्हते. हा बोटभर मासा नीट ठेवला तर वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. मी एकसष्ट वर्षांचा आहे. पोपटाबद्दल कुणी हा हिशेब करीत नसेल; पोपटाला शेजारीही पेरू देतो. विदूषकाला पेरू चालत नाही. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल या निसर्ग-अभ्यासकाने १८२८ साली किनाऱ्यावरून एक समुद्रपुष्प घरी आणून काचेच्या भांड्यात ठेवले. १८५१ साली डॅलियेल वारले. ते समुद्रपुष्प जिवंत होते. मग ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे असे वारशाने जात राहिले, लोक त्याला ‘आजी’ म्हणू लागले, आणि १८८७ साली एडिंबरो येथे ते मेले. वर्तमानपत्राने त्याचा मृत्युलेख छापला. लोक या गोष्टीत त्या प्राण्याच्या आयुष्याचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या धन्याचे. आपण न आणलेल्या जिवासाठी त्यांनी समुद्राचे पाणी बदलीत राहावे, हे प्रेमाहून काही निराळे आणि कदाचित् अधिक टिकाऊ असे आहे.

मी चिरंजीवांना विचारले, “माझ्यामागे हे कोण करील?” तो म्हणाला, “बघू, बाबा.” ‘बघू’ हा मराठीतला मोठा दयाळू शब्द आहे. त्याने कुणी दुखावत नाही आणि त्याने काही ठरतही नाही. नातीला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिने दोन्ही माशांची नावे केव्हाच ठेवली आहेत. आणि नाव ठेवणाऱ्यावर फार विसंबून चालत नाही, हा घरोघरचा अनुभव आहे.

चिपळूणहून परत आलो त्या रात्री पेटीतले पाणी दोन बोटे खाली गेलेले होते. सूनबाई सामान उतरविता उतरविता थांबली आणि म्हणाली, “बाबा, हे आटलंय ते भरायचं ना? मीठ घालून, की साधं?”

मी तिच्याकडे पाहिले. मासे पाळण्याच्या या विद्येत नवखा माणूस हमखास येथेच फसतो. खारे पाणी आटले म्हणून तो खारेच पाणी ओततो, आणि पेटी दिवसेंदिवस अधिकाधिक खारी होत जाते. सूनबाईचे माहेर उरणकडचे. तिच्या आजोबांचे आयुष्य मिठागरात गेलेले. आमच्या ठाण्यातल्या मीठबंदर रस्त्याला ज्या व्यापाराने नाव दिले तोच व्यापार. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, यावरच त्या आगरांची भाकरी चाले. मी उत्तर देण्याच्या आतच ती म्हणाली, “साधंच ना? मीठ काही उडून जात नाही.” आणि पिंप उघडून तिने दोन तांबे पाणी हळूच कडेने सोडले, तिसऱ्या तांब्याला थांबली, काचेवर पेन्सिलीने एक रेघ ओढली, आणि उरलेले पाणी त्या रेघेपर्यंत भरून ती सामान लावावयास गेली. मासे केव्हा येणार हे तिने विचारले नाही.

दिवाळी झाली की मी जोडीची चौकशी करणार आहे. टाकीत जन्मलेली असेल तरच, आणि तिचा जन्म कुठला हे देणाऱ्याला सांगता आले तरच. रेघ काचेवर तशीच आहे. मी सकाळी उठून पाहतो तेव्हा पाणी बहुधा तिला लागलेले असते.