केस स्टडीचे वाचन : सिंगूरच्या निमित्ताने

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे बोलण्याचे प्रसंग मला अधूनमधून येतात. नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका आल्यावर स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थीही तोच प्रश्न विचारू लागले : केस स्टडीचे विश्लेषण करावे कसे? बहुतेकांकडे चौकट तयार असते. बलस्थाने, उणिवा, संधी, धोके असे चार रकाने भरले की उत्तर झाले, असा समज आढळतो. रकान्यांना माझी हरकत नाही. परंतु ते भरण्यापूर्वी जे वाचन व्हावयास हवे, ते बहुधा होत नाही.

सिंगूरचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मे २००६ मध्ये टाटा मोटर्सच्या एक लाख रुपयांच्या मोटारीचा कारखाना पश्चिम बंगालमधील हुगळी जिल्ह्यात उभारण्याची घोषणा झाली. राज्य सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये सुमारे ९९७ एकर जमीन संपादित केली. आंदोलन पेटले आणि ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने प्रकल्प गुजरातमधील साणंद येथे हलविला. ‘राजकारणाने उद्योग घालविला’ किंवा ‘शेतकरी जिंकला’, या दोनपैकी एका वाक्यावर विद्यार्थी येऊन थांबतात. ही दोन्ही मते आहेत, विश्लेषण नव्हे.

पहिली गोष्ट म्हणजे निर्णय कोणाचा आणि कोणत्या दिवशीचा, हे ठरवावे. २००६ चा निर्णय सरकारचा होता : कोणती जमीन द्यावयाची आणि कोणत्या मार्गाने मिळवावयाची. २००८ चा कंपनीचा होता : गुंतवलेला पैसा सोडून निघावयाचे काय. प्रत्येकाला त्या दिवशी जे ठाऊक होते, तेवढ्यावरच त्याचा निर्णय तोलला पाहिजे. नॅनो पुढे अपेक्षेप्रमाणे खपली नाही, हे आपल्याला आज माहीत आहे. २००६ च्या निर्णयाविरुद्ध तो पुरावा होऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट, कथनात कोण बोलत नाही, याचा शोध घ्यावा. व्यवसायाच्या केस स्टडीत संचालक, मंत्री, आंदोलनाचे नेते बोलतात. सिंगूरमध्ये बटईने जमीन कसणारे बर्गादार होते, शेतमजूर होते. ज्या बर्गादाराची सरकारदप्तरी नोंद नव्हती, त्याला आपला हक्क कागदावर दाखविणे अवघड होते. हा मनुष्य वजा करून मांडलेला मोबदल्याचा हिशेब सुबक दिसतो, पण अपुरा असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : कंटाळवाणा परिच्छेद दोनदा वाचावा. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे संपादन रद्द करून जमीन परत देण्याचा आदेश दिला. हे संपादन सार्वजनिक प्रयोजनासाठी होते की नाही, यावर खंडपीठातील दोन न्यायमूर्तींचे एकमत नव्हते. एकमत झाले ते कार्यपद्धतीच्या दोषावर. त्या कायद्याच्या कलम ५-अ नुसार शेतकऱ्यांच्या हरकती मन लावून ऐकावयाच्या होत्या; त्या विचार न करता, यांत्रिकपणे फेटाळल्या गेल्या, असे न्यायालयास आढळले. बहुतेक विद्यार्थी ज्या ओळी ओलांडून पुढे जातात, त्यांतच गाठ होती. २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला पश्चिम बंगाल औद्योगिक विकास महामंडळाने ७६५.७८ कोटी रुपये व त्यावरील व्याज द्यावे असा निवाडा दिला. किंमत अखेर सार्वजनिक तिजोरीवरच आली.

हरकतींच्या सुनावण्या मी घेतल्या आहेत. हरकतदार कायद्याच्या भाषेत बोलत नाही. तो विहिरीविषयी, बांधावरच्या झाडांविषयी, भावाभावांतल्या न झालेल्या वाटणीविषयी सांगतो. त्यातून ग्राह्य मुद्दा वेचून त्यावर कारणांसह मत लिहिणे, हे अधिकाऱ्याचे काम. केस स्टडी वाचणाऱ्याचे काम याहून फार निराळे नाही.

म्हणून शिफारस लिहिताना ‘संवाद वाढवावा’, ‘पारदर्शकता आणावी’ अशा वाक्यांवर थांबू नये. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या टप्प्यावर, कोणाचे म्हणणे ऐकून, कोणत्या कागदावर काय लिहावयास हवे होते, हे सांगावे. तेवढे सांगता आले, तर चार रकाने आखण्याची गरज बहुधा उरत नाही.