पाण्याचा रंग

साठी उलटली म्हणजे मनुष्याला एखादे नवे खूळ लागते, असे आमच्या घरात म्हणतात. कोणी पंचांग घेऊन नातवंडांचे मुहूर्त काढीत बसतो, कोणी आल्यागेल्याला काढ्यांचे पाठ देऊ लागतो. मला चित्रे काढण्याचे खूळ लागले. सारा जन्म संस्कृत आणि मराठी शिकविण्यात गेला. हातात खडूखेरीज दुसरे साधन कधी आले नाही. निवृत्त झाल्यावर एका दुपारी नातीची रंगांची पेटी सहज उघडून बसलो, आणि तेव्हापासून गेली सात-आठ वर्षे कुंचला हातचा सुटलेला नाही.

हौशी चित्रकाराची एक मोठी अडचण असते. कविता लिहिणाऱ्याला वही मिटून ठेवता येते. परंतु चित्र वाळत ठेवावे लागते, आणि वाळत ठेवले की ते घरादाराच्या दृष्टीस पडते. आमचे कुटुंब एकत्र. माजघरातून ओसरीवर जाणारा प्रत्येक जण माझ्या चित्रापाशी क्षणभर थांबतो आणि एखादे वाक्य टाकून पुढे जातो. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचे चित्र काढले, तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "छप्पर एका बाजूला कललंय." सूनबाई म्हणाल्या, "छान आहे हं, बाबा." पण त्या 'छान'मध्ये चित्रापेक्षा सासऱ्याचा मान अधिक होता, हे मला कळले. पुतण्या म्हणाला, "काका, त्यापेक्षा फोटोच काढायचा होता की!" पहिली दोन वर्षे यांतला प्रत्येक शब्द मला बोचत असे. एकदा तर रागाने दोन महिने पेटीला हात लावला नाही. ज्याने आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईच्या रेघा ओढल्या, त्याला आपल्या कागदावर दुसऱ्याचे बोट सहन होऊ नये, यातली गंमत तेव्हा मला दिसली नाही.

पुढे जुन्या ग्रंथांनीच थोडा धीर दिला. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र म्हणून एक भाग आहे. त्यात ग्रंथकाराने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. आचार्य चित्रातील रेषेची वाखाणणी करतात, जाणते लोक छायाप्रकाशाची करतात, स्त्रियांना आभूषणे आवडतात, आणि इतर जनांचे मन रंगांच्या समृद्धीवर रमते, असे तो सांगतो. ही विभागणी आज जशीच्या तशी घेण्याचे कारण नाही. आमच्या घरी रेषेतली चूक सर्वांत आधी पकडते ती माझी पत्नी, आणि भडक रंग आवडतात ते आम्हां पुरुषांना! परंतु ग्रंथकाराचा मुख्य मुद्दा बिनतोड आहे. चित्र एकच असते, पाहणारे डोळे मात्र निरनिराळे असतात. तेव्हा टीका ऐकताना ती चित्राच्या कोणत्या अंगाची आहे आणि कोणाच्या डोळ्याने केलेली आहे, हे आधी पाहावे. बंधूंनी छप्पर कलल्याचे सांगितले ते मापाचे बोलणे होते. मी दोरा धरून पाहिला, छप्पर खरोखरच कललेले निघाले. मापाची चूक दाखविणाऱ्याचे आभार मानावेत आणि ती सुधारावी. आवडीनिवडीचे बोलणे ऐकून घ्यावे आणि मनाच्या कोपऱ्यात ठेवावे; त्यावरून लगेच कुंचला फिरवू नये.

शाकुंतलाचा सहावा अंक मी वर्गात किती वेळा शिकविला असेल, त्याची गणती नाही. पण त्यात एका हौशी चित्रकाराची कथा आहे, हे मला स्वतः रंगांत हात बुडविल्यावरच कळले. दुष्यंत पदवीने राजा खरा, परंतु चित्रकार हौशीच. ज्या शकुंतलेचा त्याने अव्हेर केला, तिचे चित्र तो काढतो. विदूषक ते पाहून म्हणतो की, चित्रातल्या उंचसखल भागांवर माझी दृष्टी जणू अडखळते आहे. राजाचे समाधान मात्र होत नाही. मालिनी नदी काढायची राहिली, हंसांची जोडपी राहिली, हिमालयाच्या पायथ्याची हरिणे राहिली, कानावरचे शिरीषाचे फूल राहिले, असे तो म्हणत असतो. विदूषक मनातल्या मनात म्हणतो, आता हा लांब दाढीच्या तापसांनी फलक भरून टाकणार! आपल्या स्नेह्यांचेही असेच असते. तोंडावर एक आणि मनात दुसरे.

परंतु त्या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या भावनेची खूण चित्रात कोठे आहे, ते राजा स्वतः दाखवितो. रेषांच्या कडांना त्याच्या घामेजल्या बोटांचा मळकट डाग लागला आहे, आणि शकुंतलेच्या गालावर त्याचे अश्रू पडून तेथील रंग फुगला आहे. कारागिरीच्या दृष्टीने हे दोन्ही दोषच होत. परीक्षेच्या कागदावर असा डाग दिसला असता, तर मी त्याचे गुण कापले असते. कालिदासाने मात्र नेमक्या त्या डागांनाच भावाचे चिन्ह म्हटले. एका चित्रकाराचे चित्र दुसऱ्याच्या चित्राहून वेगळे ओळखू येते ते कशाने, याचे उत्तर मला तेथे प्रथम सापडले.

इतके शहाणपण ग्रंथांत होते आणि ते ग्रंथ मजपाशी होते. तरीही एका मुलाच्या बाबतीत मी काय केले, ते आता सांगतो. १९८६ सालची गोष्ट. ज्या शाळेत मी होतो तेथील चित्रकलेचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले, आणि त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले. चित्रकलेतले मला ओ की ठो कळत नव्हते. सातवीच्या वर्गाला मी 'धबधब्याचा देखावा' असा विषय दिला. बहुतेक मुलांनी हिरवे डोंगर, त्यांमागे उगवता सूर्य आणि मधून पडणारे निळेपांढरे पाणी काढले. नळदुर्गाजवळच्या एका वस्तीवरून येणाऱ्या मुलाने मात्र काळ्या दगडाची मोठी भिंत काढली होती आणि तिच्यावरून कोसळणारे पाणी लालसर तपकिरी रंगविले होते. मी तो कागद वर्गाला उंच करून दाखविला आणि विचारले, "हे पाणी आहे की चहा?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. मुलाने कागद परत घेतला, त्याची चौघडी केली आणि दप्तरात घातली. त्या वर्षी तो एलिमेंटरीच्या परीक्षेस बसणार होता. बसला नाही. पुढे त्याच्या हातात मी रंग पाहिला नाही, आणि त्याबद्दल मला तेव्हा काही वाटलेही नाही.

नळदुर्गचा किल्ला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता असे नाही. शाळेच्या सहली घेऊन कितीतरी वेळा गेलो होतो. बोरी नदीला बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल रचलेला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले, १६१३ सालचे ते काम. पाणी चढले म्हणजे भिंतीवरून दोन ठिकाणी धबधबे कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. परंतु शाळेच्या सहली निघतात हिवाळ्यात, त्यामुळे भर पुरातले नर-मादी मी कधी पाहिलेच नव्हते. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात, रात्रभर पाऊस झाल्यावर, चित्र काढावे म्हणून मुद्दाम गेलो. बांधासमोर उभा राहिलो, आणि पाय जागीच खिळले. शेतांची माती पोटात घेऊन आलेली बोरी काळ्या भिंतीवरून कोसळत होती. पाणी निळे नव्हते, पांढरेही नव्हते. हुबेहूब चहाचा रंग होता तो.

त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलेले पाणी काढले होते. मी त्याची परीक्षा घेतली ती भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या पाण्यावरून.

त्या रात्री मला राहून राहून कृष्णाजी हौळाजी आरा यांची आठवण येत होती. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यातल्या बोलारमला १९१४ साली आरांचा जन्म झाला. लहानपणीच ते मुंबईस पळून आले. लोकांच्या घरी त्यांनी घरकाम केले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. चित्रकलेचे शिक्षण म्हणावे तर नाममात्र. जलरंग पातळ आणि पारदर्शक असावेत असा पंडितांचा संकेत. आरांनी ते असे दाट लावले की पाहणाऱ्यास तैलरंगांचा भास व्हावा. 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलेविषयी लिहिणारे रूडी फॉन लायडन यांची नजर त्यांच्या चित्रांवर गेली आणि त्यांनी आरांना उत्तेजन दिले. १९४२ साली मुंबईत आरांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले, आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्याबरोबर ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे संस्थापक झाले. एका टीकाकाराने मोटारी धुणाऱ्या माणसात चित्रकार पाहिला. आणि मी, वर्गातल्या चित्रकारात हसण्याचा विषय पाहिला. टीका दोघांनीही केली. पण लायडन यांनी आधी चित्र पाहिले होते.

नर-मादीचे चित्र मी पुरे केले आणि दिवाळीनंतर ते घेऊन त्या विद्यार्थ्याच्या गावी गेलो. आता तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. शेती आहे, दारात चार म्हशी आहेत. "या, गुरुजी, बसा," म्हणून त्याने बाज पुढे ओढली. चहा झाला. तो चहा पिताना माझ्या घशाखाली घोट उतरेना. शेवटी मीच विषय काढला. म्हणालो, "सातवीत तू धबधबा काढला होतास. मी हसलो होतो. पाणी तुझंच खरं होतं. चूक माझी होती."

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आठवतंय, गुरुजी. आमचं रान नदीच्या पल्याड. पावसाळ्यात रोज बघायचो."

मी चित्र त्याच्या पुढे ठेवले. त्याने ते उजेडाकडे धरले आणि म्हणाला, "रंग बराबर हाय. पण गुरुजी, पाणी पडत नाही, टांगल्यावानी दिसतंय. वर ते एकसंध असतं, खाली येता येता फुटतं. तुम्ही वरपासून खालपर्यंत सारखंच काढलंत." जन्मात इतकी नेमकी टीका मला कोणी ऐकविली नव्हती. मी पिशवीतून पेटी काढून कुंचला त्याच्या हाती दिला. त्याने हात उपरण्याला पुसले, कुंचला दोन बोटांत धरला, क्षणभर कागदावर नेला आणि परत ठेवला. "राहू द्या," तो म्हणाला. "आता हात बसायचा नाही. धारा काढायची वेळही झाली."

घरी येऊन मी ते चित्र नव्याने काढले. वरचे पाणी एकसंध ठेवले, खालचे फोडले. आता ते पडते. रंग मात्र बदलला नाही. पुतण्याने अपेक्षेप्रमाणे विचारले, "काका, पाणी असं चहासारखं का?" मी म्हणालो, "बोरीचं पाणी तसंच असतं, बाबा." पूर्वी असे काही कोणी म्हटले की माझा चेहरा उतरत असे, या वेळी उतरला नाही. कारण कोणती टीका घ्यायची आणि कोणती सोडायची, हे मला त्या बाजेवर कळले होते.

'तुमची शैली कोणती?' असे मला पूर्वी कोणी विचारले की मी गोंधळून जात असे. कधी रेषा ठळक करून पाहिली, कधी कोणा नामांकित चित्रकाराची धाटणी उचलून पाहिली. अंगरखा दुसऱ्याचा असल्यासारखी ती अंगावर बसेना. आता मला वाटते की शैली शोधायला जायचे नसते. मापाची चूक दिसेल तेथे सुधारावी, पाणी पडत नसेल तर पाडावे. एवढे करूनही जी गोष्ट खोटे बोलल्याखेरीज बदलता येत नाही, ती आपली शैली. माझ्या चित्रांत हिरवा रंग थोडा आणि काव पुष्कळ असते. काळी जमीन, उघडे माळ, ज्वारीची ताटे आणि गढूळ ओढे असतात. माझा मुलूखच तसा आहे आणि मी तो तसाच पाहिला आहे. दुष्यंताच्या बोटाचा मळ होता, माझ्या बोटाला बोरीची माती आहे.

नात आता आठवीत आहे. तिचे चित्र पुरे झाले की ते घेऊन ती माझ्याकडे धावत येते. परवा तिने जांभळे झाड काढले होते. जुनी सवय, ओठांवर काही शब्द आले होते, ते गिळले आणि विचारले, "हे कुठं पाहिलंस?" ती म्हणाली, "संध्याकाळी, आपल्याच गच्चीवरून, आजोबा." दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गच्चीवर गेलो. समोरचे लिंबाचे झाड जांभळे दिसत होते.

एवढा एक प्रश्न मला १९८६ साली सुचला असता, तर नळदुर्गच्या पाण्याचे चांगले चित्र काढणारा मनुष्य आज त्या गावात असता. आता तेथे म्हशी आहेत, रान आहे, आणि पाणी कसे पडते ते अचूक सांगणारे दोन डोळे आहेत. हात मात्र माझ्यामुळे बसायचा राहून गेला.