‘ब्राइब’, ‘लाच’ आणि चहापाणी

इंग्रजीतील ‘ब्राइब’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे त्याचा अर्थ पावाचा तुकडा, विशेषतः भिकाऱ्याला घातलेला. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला तो मात्र चोरणे, लुबाडणे या अर्थाने. चॉसरच्या लेखनात तो याच अंगाने येतो. अधिकाऱ्याचे मन वळवण्यासाठी दिलेला पैसा, हा आजचा अर्थ त्यानंतरचा. भिकारी आधी लुटारू झाला आणि मग साहेब झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या ‘लाच’ शब्दाचे गोत्र मोठे आहे. संस्कृतात ‘लञ्च’, जुन्या मराठीत आणि गुजरातीत ‘लांच’, कन्नडमध्ये ‘लंच’, तेलुगूत ‘लंचम्’. इंदूर-ग्वाल्हेरकडे आसपास ‘रिश्वत’ आणि ‘घूस’ ऐकू येते. पण बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या बांधवांना हा शब्द शेजाऱ्यालाही समजावून सांगावा लागत नाही. सीमेवर एवढे एकमत अन्यत्र दुर्मीळच!

१८६० च्या भारतीय दंड संहितेने कलम १६१ मध्ये मात्र ‘ब्राइब’ टाळून ‘ग्रॅटिफिकेशन’ म्हटले, आणि ते केवळ पैशापुरते नाही असेही स्पष्ट केले. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने तोच शब्द उचलला. २०१८ च्या दुरुस्तीत ‘अनड्यू अ‍ॅडव्हान्टेज’, म्हणजे गैरवाजवी लाभ, ही संज्ञा पुढे आली.

परंतु लाच मागणारा यांपैकी एकही शब्द उच्चारत नाही. तो म्हणतो, ‘चहापाण्याचं बघा’. ‘कागदावर थोडं वजन ठेवा’. इथे शब्दाला किंमत येते. मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध झाले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात सांगितले. ती परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध होऊ शकतात, हेही सांगितले. सापळ्यात बोटे गुलाबी झाली, तरी मागणीचा प्रश्न उरतोच. मराठीत सांगितलेली तक्रार कन्नडमध्ये उतरताना ‘चहापाणी’चा नुसता चहा झाला, तर मागणीच पातळ होते. म्हणून आम्ही पक्षकारांस सांगतो : तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहवून घ्या, अर्थ खाली द्या, आणि वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवा; देणाराही आरोपी होऊ शकतो.