उजव्या बाजूचा खिसा

शस्त्रक्रियेचे टाके निघाले आणि मला पहिला प्रश्न पडला तो ब्लाऊजचा. कॅन्सर किती पसरलाय, किमो किती, लाईट म्हणजे रेडिएशन किती, हे डॉक्टर बघत होते. पण एक स्तन काढल्यावर साडी नेसून चार माणसांत कसं जायचं, हे विचारायचं कुणाला? आपला पदर डाव्या खांद्यावर जातो, त्यामुळे डावी बाजू झाकली जाते आणि उजवी उघडी पडते. माझी नेमकी उजवी.

धारवाडच्या सुभाष रोडवर मी लग्नानंतर पहिली इरकल घेतली होती. गिरीश कार्नाडांची नाटकं छापणाऱ्या मनोहर ग्रंथमालेचा माळा याच रस्त्यावर आहे, आणि कापडाची दुकानंही याच रस्त्यावर. गुळेदगुड्डच्या खणाचं कापड इथे हवं तेवढं मिळतं. पण खण अंगाला खरखरीत, आणि लाईट घेतलेली कातडी उन्हानं भाजल्यासारखी काळी आणि हळवी झालेली. तिथे साबण चोळायचा नाही, पावडर लावायची नाही, घट्ट काही घालायचं नाही, असं बजावलेलं. म्हणून मी खणाचा नाद सोडून दिला होता.

वाट काढली ती रस्त्यामागच्या बोळात शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. मी चाचरत सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दाराचा पडदा ओढला, मग टेप घेतली. “अक्का, हुक पुढं देते, हात मागं न्यायला नको. आतून मलमल लावते. आणि ह्या बाजूला आतून खिसा.” खिशात काय घालायचं याचा विचार आम्ही दोघींनी मिळून केला. सिलिकॉनचा तयार स्तन माझ्या खर्चात बसणारा नव्हता. नुसता कापूस घातला तर तो हलका, सारखा वर सरकतो. शिवाय एका बाजूचं वजन गेलं की खांदा नकळत वर ओढला जातो, मान आणि पाठ दुखायला लागते. ते मी तेव्हा सोसतच होते. मग त्यांनी मलमलीची पुरचुंडी शिवली, खाली मोहरी, वर कापूस, आणि ती स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलून दुसऱ्या बाजूच्या अंदाजानं केली. धुताना पुरचुंडी काढून ठेवायची. तो खणाचा ब्लाऊज घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा दोन्ही खांदे एका रेषेत होते. किमोत गेलेले केस परत आले त्याहून मला त्या क्षणी जास्त बरं वाटलं, हे मी आजही सांगते.

हाताचं प्रकरण वेगळं. काखेतल्या गाठी काढल्या की हातातल्या लसिकेची परतीची वाट अडते आणि हात सुजू शकतो, लगेच किंवा वर्षांनीही. फिजिओथेरपीच्या ताईंनी भिंतीवर बोटांनी चढायला शिकवलं: जिथवर पोचाल तिथे पेन्सिलीची खूण करा, उद्या तिच्या जरा वर जा. भाकरी थापणं सोडू नका म्हणाल्या, फक्त तव्याचा चटका आणि विळीची काप जपा. हात लाल झाला, तापला, तर घरचा लेप नको, तडक दवाखाना. किमो चालू असतानाही तेच, ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

घट्ट बांगड्याही नकोत. त्यावर चुलतसासूबाई कळवळून म्हणाल्या, “अगं, सवाष्णीचा हात असा सुना?” मला रडू फुटणार तेवढ्यात हे म्हणाले, “काकी, डाव्या हातात दुप्पट भरेल की ती.” विषय तिथेच मिटला.

झोप मात्र मिटली नाही. गोळ्यांनी पाळी बंद झालेली, रात्री अंगातून वाफा निघायच्या, आणि जाग आली की मन नको तिथे जायचं. धारवाडात डिम्हान्स हे मानसोपचाराचं रुग्णालय आहे, पण जुनी माणसं त्याला अजून वेड्यांचं इस्पितळ म्हणतात, त्यामुळे तिथे जाण्याला घरातून नाराजी. मी गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, औषध दिलं. कॅन्सरच्या बाईनं झोप येत नाही म्हणून डॉक्टरकडे जाणं हे लाड नव्हेत. ते उपचारच आहेत, आणि ब्लाऊज, हात, झोप या गोष्टी घरी सोडतानाच्या कागदावर औषधांइतक्याच ठळक लिहिल्या पाहिजेत. भारतात 2022 मध्ये सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना हा आजार नव्यानं झाला. त्यांतल्या प्रत्येकीनं हे चाचपडत का शिकावं?

न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांचा स्तन 1952 मध्ये काढला, तेव्हा त्यांनाही हेच प्रश्न पडले होते. त्या मग स्वतः इतर रुग्णांच्या खाटेशी जाऊन बसू लागल्या. बायकांना द्यायच्या सामानात हाताच्या व्यायामाचा चेंडू, दोरी आणि झंपरात घालायची तात्पुरती गादी. ‘रीच टू रिकव्हरी’ हे त्या कामाचं नाव, आणि 1969 मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं ते आपलंसं केलं. हे वाचलं तेव्हा मला बोळातली ती मोहरीची पुरचुंडी आठवली.

आमच्याकडे अशी संघटना नाही, पण लाईटच्या खोलीबाहेरच्या बाकावर ओळखी होतात. तपासणीला गेले की मी मुद्दाम तिथे थोडी टेकते. नवलगुंदकडच्या एका बाईनं माझ्या ब्लाऊजकडे बघत हळूच विचारलं, “वाकल्यावर पडत न्हाई नव्हं? मी खुरपायला जाते.” मला उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून मी बोळातल्या बाईंना विचारलं. आता त्या प्रत्येक खिशाच्या तोंडाला दोन टिचबटणं लावून देतात.